पुसलेली रेष

बी.पी.एड.च्या वर्षी माझे सराव पाठ बेलवलीच्या मैदानावर असायचे. तिथं सकाळच्या धुक्यात एक काका डब्यातून फक्की सोडत उलटे चालायचे. त्यांच्यासमोर पांढरी रेष आपोआप उमटल्यासारखी वाटायची. नाव मी कधी विचारलं नाही.

परीक्षेच्या पाठाला मी मुलींची शर्यत घेतली. पहिल्या तिघी आल्या तशी मी वेळ लिहायला वळले. मागून आलेल्या मुलींच्या पायांनी शेवटची रेष पुसून टाकली. एकच मुलगी मागं राहिली होती, रमतगमत धावत. काका वाकून पुन्हा रेष मारू लागले.

"आता कशाला काका? शर्यत संपली."

"तिची नाय संपली, बाई. पोचली ते तिला कसं कळणार?"

ती आली, ताज्या रेषेवर थांबली, हसली. तिची वेळ लिहावी म्हणून मी स्टॉपवॉच पाहिलं. ते मी केव्हाच बंद केलं होतं.