बाजेचं माप

मार्च १९७८. होळीला चार दिवस होते. त्या दिवशी माझ्याकडे कोब्यावर पाणी मारायचं काम होतं.

नवा कोबा भिजता ठेवावा लागतो, नाहीतर तडकतो. पिंपातून घमेलं भरायचं, फेकायचं, परत भरायचं. एका बाजूला गवंड्याने चुन्याच्या फक्कीने रेघा मारल्या होत्या. भिंत कुठे, दार कुठे, ते त्या रेघांवरून कळायचं. त्यांना पाणी लागू द्यायचं नाही, असं मला बजावलं होतं.

दवाखाना होत होता. खाडीकाठच्या गावांसाठी अद्ययावत दवाखाना, असं बोर्डावर लिहिलं होतं. जागा आमच्या भातखाचरांची. ज्या बांधावर बसून मी लहानपणी भाकरी खाल्ली, तो बांध नव्या शहरासाठी भरावाखाली गेला आणि त्याच भरावावर मी मजुरीला लागले. मला तेव्हा सव्विसावं चालू होतं. चौथी शिकलेली. दोन मुलं. नवरा मिठागरात कामाला, राहायला आम्ही माझ्या आईबाबांकडेच. ही माझी तेव्हाची ओळख, यापेक्षा जास्त नाही.

गवंड्याला विचारलं, ही खोली कसली? तो म्हणाला, बाळंतपणाची. मी घमेलं खाली ठेवलं आणि दाराची जागा हाताने मोजली. कोपरापासून बोटापर्यंत एक हात. आमची बाज दोन हात रुंद असते. दार दोन हातांना वीतभर कमी भरलं. चौकट बसली की आणखी कमी. शिवाय दाराच्या आधी बोळ होता आणि बोळाला वळण.

आमच्या गावात तेव्हा गाडी यायची नाही. आजारी माणूस बाजेवरून न्यायचं. चौघांनी चार खुरांना खांदा द्यायचा आणि खाडीच्या बांधावरून चालायचं. दुसरी रीत नव्हती. रिकामी बाज आडवी करून कुठूनही काढता येते. माणूस असलेली नाही येत.

हे मी मुकादमाला सांगितलं. इंजिनिअर साहेब मागेच उभे होते. मुंबईहून पाहुणे येणार होते म्हणून त्या दिवशी त्यांनी बूट चकचकीत केले होते.

“काय म्हणते ती?”

मुकादम हसत म्हणाला, “बोलते, दारातनं बाज जानार नाय.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. “बाज? अगं बाई, हा दवाखाना आहे. तुझ्या घराची ओसरी नाही. इथे स्ट्रेचर असतं.”

मी म्हटलं, घरापासून इथपर्यंत कोण आणणार स्ट्रेचर? एवढंच म्हटलं. आवाज चढवला नव्हता.

तेवढ्यात पाहुणे आले. चार-पाच जण, पांढऱ्या कपड्यातले. साहेब त्यांना रेघांमधून फिरवत आमच्यापर्यंत आले. एका पाहुण्याने विचारलं, टेबल ठेवल्यावर डॉक्टरला उभं राहायला जागा उरते का? साहेबांनी इकडे तिकडे बघितलं आणि मला बोट दाखवलं.

“ए, तू ये. पेशंट हो. झोप इथे.”

मला कळलंच नाही. मी उभीच. मुकादमाने माझ्या हातातलं घमेलं काढून घेतलं. “झोप ना. साहेब काय सांगतात?”

मी झोपले. त्या रेघांच्या मधे, कोब्यावर, सगळ्यांच्या पायाशी. लुगडं पायांवर ओढून घेतलं. साहेब हातातल्या नकाशाच्या गुंडाळीने दाखवत होते. हे टेबल. ही पेशंट. डॉक्टर इकडे, नर्स तिकडे. गुंडाळीचं टोक माझ्या गुडघ्याला लागलं, मग तळपायाला. पाहुणे मान डोलवत होते. कामावरचे पंधरा-वीस पुरुष हातातलं काम सोडून बघत होते. मी आभाळाकडे बघत होते. एक घार फिरत होती. ती अजून डोळ्यांपुढे आहे.

“उठ आता,” साहेब म्हणाले. “झाली बाळंतीण.”

सगळे हसले. पाहुणेही हसले.

मी उठले, घमेलं घेतलं, पिंपाकडे गेले. पाठ भिजली होती. ओल्या चोळीला चुना लागून कातडीला झोंबत होता. घरी आईने विचारलं, पाठीवर पांढरं काय? मी म्हटलं, भिंतीला टेकले.

दुसऱ्या दिवसापासून कामावर माझं नाव पेशंट पडलं. ए पेशंट, विटा दे. ए पेशंट, पानी मार. मुकादम, गवंडी, सगळे. चिडवणाऱ्याच्या मनात वाईट नव्हतं असं आता वाटतं. पण मी दाराबद्दल परत तोंड उघडलं नाही. चौकट बसली तेव्हा मी तिथेच होते. भिंत उभी राहिली तेव्हा विटा मीच वाहिल्या. एकदा सांगितलं, हसले. पुन्हा सांगण्याची लाज वाटली. ती लाज मला फार महाग पडली. मला नाही, हिराला.

हिरा माझी धाकटी बहीण. माझ्याहून सात वर्षांनी लहान. मोरा बंदरावरच्या घरात दिली होती. नवऱ्याची होडी होती, घर बरं होतं. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून ८० साली ती सातव्या महिन्यात आमच्याकडे आली. तिला सुईण हवी होती. आमच्या दोघींचा जन्म जिच्या हातून झाला, तीच. मी हट्ट धरला. म्हटलं, आता दवाखाना झालाय, टेबल आहे, दिवा आहे, नर्स आहे. काय म्हणून घरात?

“तू बांधलास म्हंजे वाकडाच असंल,” हिरा हसून म्हणाली.

मी तिला दवाखाना दाखवायला नेलं. बाहेरच्या बाकावर आम्ही दोघी बसलो. मी तिला कोणती भिंत कोणी बांधली ते सांगितलं. पेशंटची गोष्ट नाही सांगितली, दाराचीही नाही. ती भिंतीवरून हात फिरवत म्हणाली, “चांगला बांधलास गं बाय.” मला ती बाय म्हणायची.

कार्तिकातला दिवस. पहाटे कळा सुरू झाल्या. सूर्य वर आला तरी काही होईना. सुईणीने पोटाला हात लावला आणि मला बाजूला घेतलं. मूल आडवं आहे, म्हणाली. माझ्या हातचं नाही, आता न्या. त्या बाईने एक क्षण वाया घालवला नाही. हे लिहून ठेवते, कारण नंतर तिलाही बोल लागला.

बाजेवर गोधडी टाकली, हिराला घेतलं. बाबा, माझा नवरा, दोघे चुलतभाऊ, असे चौघे. मी बाजेच्या बाजूने चालत होते, तिचा हात धरून. बांधावरून अर्धा तास. रक्त जात होतं. मी गोधडीकडे बघत नव्हते, तिच्या तोंडाकडे बघत होते. ती शुद्धीत होती. एकदा म्हणाली, दादूस धापा टाकतोय, त्याला जरा थांबव. धाकट्या चुलतभावाबद्दल म्हणत होती.

दवाखान्याचं पुढचं दार मोठं होतं. त्यातून गेलो. बोळात शिरलो. वळणावर बाजेचे पुढचे खूर भिंतीला लागले. मागे घेतली, पुन्हा वळवली. पुन्हा लागले. बाबा म्हणाले, उचला वर. वर उचलली तर बाज कलली, हिरा ओरडली. परत खाली टेकवली. समोर चार हातांवर ते दार. उघडं. आतलं टेबल दिसत होतं.

नर्स बाहेर आली. घाटावरची पोर, नवीनच लागलेली. तिने बघितलं आणि तिला जे सुचलं ते बोलली.

“अहो, बाज नाही येणार. खाली घ्या तिला. लवकर खाली घ्या.”

आता हे समजून घ्या. आमच्यात माणूस जायला लागलं की त्याला बाजेवरून खाली घेतात. सारवलेल्या भुईवर. तोंडात पाणी घालतात. अमक्याला खाली घेतलं, असं कानावर आलं की पुढचं कोणी विचारत नाही. कामं टाकून निघतात. जित्या माणसासाठी हा शब्द आमच्या घरात कोणी उच्चारत नाही.

नर्सला तिला फक्त उतरवायचं होतं. आम्हाला दुसरंच ऐकू आलं.

बाबांनी बाजेचा खूर दोन्ही हातांनी घट्ट धरला. सोडेनात. म्हणाले, “नाय घ्यायची खाली. माझी पोर जिती हाय.” चुलतभाऊ रडायला लागला. नर्सला काही कळेना, ती पुन्हा तेच ओरडली, खाली घ्या, खाली घ्या. जितक्यांदा ती ओरडली तितके बाबा घट्ट झाले.

हिराने ते ऐकलं होतं. तिने माझा हात ओढला.

“बाय, मना खाली घेताव?”

या प्रश्नाला मी काय उत्तर दिलं ते मला नक्की आठवत नाही. नाय गं, आत नेताव, असं काहीतरी. पण तिचा चेहरा बदलला होता. इतका वेळ ती भांडत होती कळांशी. त्या शब्दानंतर ती भांडायची थांबली. हे मी बघितलं. कोणी काही म्हणो.

शेवटी मी बाबांची बोटं एकेक करून सोडवली. गोधडीची चार टोकं चौघांनी धरली, तिला तशीच झोळीसारखी उचलली. दारातून दोन माणसं एका वेळी जात नव्हती. एकामागे एक, वाकडे होत, तिला वाकडी करत आत नेली. टेबलावर ठेवली. डॉक्टर धावत आले होते. त्यांनी हात लावला तेव्हा ती माझ्याकडे बघत होती. थोड्या वेळाने बघत नव्हती. मूलही गेलं. मुलगी होती.

ज्या जागेवर मी झोपले होते, बरोब्बर तिथे ते टेबल होतं.

डॉक्टर म्हणाले, “तुम्ही लोक उशीर करता. आणि वर अंधश्रद्धा.” कागदावरही तेच लिहिलं, उशिरा आणले. नर्स कोपऱ्यात उभी होती. जाताना तिने मला हळूच सांगितलं, स्ट्रेचर आहे, ताई, पण ते अजून गोणपाटातच बांधलेलं आहे, माळ्यावर. कोणी काढलंच नाही.

ती एरवीही वाचली नसती, असं मला पुष्कळांनी सांगितलं. असेल. मी डॉक्टर नाही. मला एवढंच माहीत आहे की घरापासून दारापर्यंत ती शुद्धीत, बोलत आली. आणि बोळात जेवढा वेळ गेला तेवढ्या वेळात माझ्या हातातला तिचा हात गार पडला.

गावाने बाबांना दोष दिला, खूर का धरून बसलास म्हणून. बाबांनी स्वतःला दिला. हिराच्या नवऱ्याने मला दिला. तो बरोबर होता, पण त्याला खरं कारण माहीत नव्हतं. मला दोन वर्षांपूर्वी माहीत होतं. मी हाताने मोजलं होतं.

दहाव्याच्या संध्याकाळी मुकादम दारात आला. वाईट झालं म्हणाला, टोपी काढून बसला. चहा घेतला. मग कामाचं बोलला. पलीकडच्या गावाच्या माळावर दुसरा दवाखाना होतोय. कोबा झालाय, आखणी झालीय, उद्यापासून विटा. तुला हे काम माहीत आहे, ये.

मी विचारलं, “दार केवढं?”

“तेच की. सगळीकडे एकच नकाशा. मंजूर झालेला.” मग जरा हसून म्हणाला, “साहेबांनी सोताहून नाव काढलं तुझं. बोलले, ती पेशंटवाली बाई हाय का अजून?”

माझी आई आत होती. तिच्या हातातला तांब्या पडल्याचा आवाज आला.

मी म्हटलं, येते.

हिराची बाज परसात होती. मेलेल्या माणसाची बाज आमच्यात परत घरात घेत नाहीत. कोणाला देऊन टाकायची किंवा खाडीत सोडायची. बाबा दोन दिवस म्हणत होते, सोडून येतो, पण त्यांचा पाय निघत नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठले. मुलांच्या भाकऱ्या केल्या. नवऱ्याला सांगितलं. त्याने बाज उचलून माझ्या डोक्यावर ठेवायला हात लावला.

माळावर पोचले तेव्हा कामावर कोणी नव्हतं. कोबा ओला, रेघा पांढऱ्या. बाळंतपणाची खोली मला विचारायला लागली नाही. दाराच्या जागेवर बाज ठेवली. दोन्ही बाजूंनी रेघेच्या बाहेर आली. टाचेने रेघ पुसली. गोणीतली मूठभर फक्की घेतली आणि बाजेच्या कडेने नवी रेघ ओढली. दोन्ही बाजूंना एकेक वीत सोडून. उचलणाऱ्यांचे हात जायला हवेत. मग बोळाचं वळण पुसलं, तेही आखलं. मग बाजेवर बसले.

माणसं आली, घमेली घेऊन उभी राहिली. मुकादम आला, बघून मागेच थांबला. नऊ वाजता साहेब आले.

“हे काय आहे?”

“माप,” मी म्हटलं.

त्यांनी मला ओळखलं. “अरे, पेशंट,” म्हणाले. या वेळी कोणी हसलं नाही. मग नकाशा मंजूर आहे, वरच्यांना विचारल्याशिवाय बदल करता येत नाही, असं पुष्कळ बोलले. मी ऐकून घेतलं. मग उठले आणि बाजेवर हात आपटला.

“झोपा साहेब. तुमी पेशंट व्हा. हे चौघं उचलतील. तुमच्या रेघेतनं बाज काढून दाखवा, मी घरी जाते.”

ते झोपले नाहीत. मुकादमाला म्हणाले, “हिला उठव इथून.”

मुकादम जागचा हलला नाही. तेव्हा मी बाजेवर आडवी झाले. हिरा झोपली होती तशी, पाय खोलीकडे करून. लुगडं या खेपेला ओढून घेतलं नाही.

“हलवायचं असंल तर चौघं बोलवा साहेब,” मी म्हटलं. “आन मना खाली घ्या.”