डावा कोपरा उजळ हवा

पोलादपूरच्या बाजारात प्रियदर्शिनी हाटेचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. आयटीआय करून ती त्या खुर्चीत बसली त्याला चौदा वर्षं झाली. पहिलं वर्षभर गिऱ्हाईक आत डोकावून विचारायचं, "मेकॅनिक कुठं गेलाय?" हातातला स्क्रूड्रायव्हर खाली न ठेवता ती म्हणायची, "मेकॅनिक इथंच बसलीय. टीव्ही आणा."

हा ताठा आईकडून आलेला. बयाबाई बहात्तर वर्षांची. दोन वर्षांपूर्वी तिच्या डोळ्यांतला पडदा झिजला. कडेचं दिसतं, पण ज्याच्याकडे रोखून बघावं तेच पुसलं जातं. महाडच्या डॉक्टरांनी सांगितलं, "आता औषध नाही. टीव्ही सोडा, रेडिओ ऐका."

"आणि कबड्डी?"

"तीही ऐकायची."

"कबड्डी काय भाषण हाय, ऐकायला?" असं म्हणून बयाबाई उठलीच.

तिची नात पूजा, थोरल्या मुलाची मुलगी, पनवेलच्या संघातून खेळते. तिचे सामने मोबाईलवर थेट दिसतात. ते घरातल्या टीव्हीवर लावले तरी म्हातारीला नुसती रंगांची धांदल दिसायची. डॉक्टरांना तिनं खोटं ठरवायचं मनावर घेतलं होतं. चित्र भिंतीएवढं झालं तर कडेच्या नजरेनं दिसेल, हे प्रियदर्शिनीच्या लक्षात आलं. भाचा अक्षय मुंबईहून छोटा तयार प्रोजेक्टर घेऊन आला. दुपारी खिडक्या झाकून लावला, तरी चित्र इतकं फिकं की बयाबाई म्हणाली, "ह्या पोरी हायत का भुतं?"

प्रियदर्शिनीनं ठरवलं, आपणच बनवायचा.

महाडचा मेकॅनिक दीपक तिचा जुना दोस्त. तो म्हणाला, "मोबाईलची स्क्रीन घे, तिच्या मागून जोरदार दिवा मार. छोटी पेटी, छोटी भिंगं, काम झालं." तिनं एक स्क्रीन सोलली, तर ती स्वतःच उजेड देणाऱ्या जातीची निघाली, तिच्यातून पलीकडचं काहीच दिसेना. दुसरीतून उजेड गेला, पण भिंतभर प्रकाश तळहाताएवढ्या काचेतून कोंबावा लागतो. पाच मिनिटांत काच मधोमध काळी पडली.

"सोड नाद," दीपक म्हणाला.

"काच जळली, मी नाही," ती म्हणाली.

मग तिनं दुकानातल्या भंगारातले कॉम्प्युटरचे जुने मॉनिटर काढले. पाठीमागचा दिवा आणि पांढरे कागद काढून एकेक पॅनल दारात आभाळासमोर धरून बघितलं. एकाची सर्किटपट्टी काचेला चिकटूनच होती. ती उजेडाच्या वाटेत आली असती. दुसऱ्याची काचेला जोडणारी चपटी वायर लांब होती, पट्टी बाजूला वळवता येत होती. पंधरा इंची, चौकोनी, जुनाट. तेच घेतलं. वरचा खरखरीत पापुद्रा चित्र धुरकट करत होता, म्हणून दिवसभर ओला टॉवेल टाकून तो सोलला.

भिंगं तिला एका कॉलेजच्या मोडीत निघालेल्या जुन्या ओव्हरहेड प्रोजेक्टरमध्ये मिळाली. त्याच्या डोक्यावरचं जाड भिंग उत्तम होतं. पण आतलं पातळ, गोल खाचांचं प्लास्टिकचं भिंग पॅनलपेक्षा लहान. चित्र झळझळीत आलं, फक्त चारही कोपरे काळे.

"चालेल की," दीपक म्हणाला. "म्हातारीला कोपरे कुठं दिसणारेत?"

बयाबाई तिथंच बसली होती. "पूजा खेळते कुठं, ठावं हाय का रे तुला? डाव्या कोपऱ्यात! तोच काळा ठेवतोस?"



प्रियदर्शिनीनं मुंबईच्या एका विक्रेत्याकडून मोठी खाचांची भिंगं मागवली. तो फोनवर म्हणाला, "सगळी सारखीच, कुठलीही लावा." तिनं ती अंगणात उन्हात धरली. एकाचा ठिपका एका वितीवर जळजळीत पडला, सागाच्या वाळक्या पानाला भोक पडलं. दुसऱ्याचा दीड वितीवर. सारखी कसली! जवळ गोळा करणारं तिनं दिव्याकडे बसवलं, लांब गोळा करणारं पुढच्या जाड भिंगाकडे, मध्ये पॅनल, आणि दोन्हींच्या खाचा पॅनलकडे. दिव्यामागे पंखा. कोपरे उजळले.

रविवारी दुपारी पूजाचा सामना होता. खिडक्यांना घोंगड्या लावल्या, मोबाईल पेटीला जोडला. शेजारची काशीबाई दारातून म्हणाली, "आंधळीला कशाला गो सिनेमा?"

"आत ये नायतर दार लाव, उजेड येतोय," बयाबाई म्हणाली. काशीबाई आत आली.

बयाबाई भिंतीपासून हातभर अंतरावर बसली आणि तोंड बाजूला वळवलं. काशीबाईला वाटलं, म्हातारी रुसली. पण तिची कडेची नजर भिंतीवर होती. पूजानं चढाईवाल्या मुलीचा घोटा धरला, तेव्हा बयाबाई ओरडली, "सोडू नको गो! ओढ मागं!" पूजानं ओढलं. खोलीत टाळ्या पडल्या. पुढं एकदा पूजा चुकली, आणि संघ दोन गुणांनी हरला.

संध्याकाळी पूजाचा फोन आला. रडवेली होती. बयाबाईनं फोन हिसकून घेतला.

"दुसऱ्या डावात उजवा पाय आधी का टाकलास? तितंच ती निसटली."

पूजानं विचारलं, "आजी, तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला कोण पायजे? मी हिथं काय झोपलेली?" बयाबाई म्हणाली. "पुढच्या सामन्याला डावा पाय टाक."

प्रियदर्शिनी तोवर पेटी उघडून बसली होती. पंखा कुरकुरत होता, तो बदलायचा होता.