बोटांनी केलेला अभ्यास

टायपिंगवालीला वाचता येत नाही. हसू नका, खरं सांगते. गेवराईच्या टायपिंग क्लासात सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "वाचायच्या भानगडीत पडू नका. अर्थ लावत बसलात की स्पीड गेला. डोळे कागदावर, बोटं बटणांवर आणि डोकं घरी." मी ते इतकं मनावर घेतलं की क्लासात पहिली आले. लग्नानंतर गावच्या पतसंस्थेत टायपिस्ट म्हणून लागले, तेव्हाही डोकं घरीच असायचं. टँकर आला असेल का, सासूबाईंनी रांगेत घागर लावली असेल का, हे वर चाललेलं आणि खाली बोटं ठरावांच्या नकला बडवतायत. "सर्वानुमते मंजूर" आलं की कागद संपला, एवढंच मला कळायचं.

गाव आमचं उमापूरच्या बाजूचं. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला जातं. तोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. त्यानं तोडायचं, तिनं मोळ्या बांधून डोक्यावर वाहायच्या. मी नोकरीला, म्हणून आमचे मालक अर्धा कोयता. दोन हंगाम त्यांनी थोरल्या नणंदेला जोडीला नेलं, पण तिची कंबर गेली. त्यात त्या वर्षी पाऊसच झाला नाही. घरात बसून खायला रानात काही उगवलंच नव्हतं.

सासूबाई एकदा भाकरी थापता थापता म्हणाल्या, "बग बाई, तुजी नोकरी हाय टेंपरवारी. कायम झालीस तर ब्येस झालं. न्हाई तर दिवाळीनंतर तुलाच जावं लागंल. आर्ध्या कोयत्याला मुकादम दारात उभं करीत न्हाई."

त्या वाईट बोलल्या नाहीत, खरं बोलल्या. म्हणूनच जास्त झोंबलं. मी बी.ए. झालेली बाई, मला फडात पाचटात राबायचं नव्हतं. असं म्हटलं की लोक म्हणतात, बघा, शिकली तर माजली. म्हणू द्या.

कायम व्हायची वाट एकच होती. संस्थेचे सेक्रेटरी काका दिवाळीच्या सुमारास निवृत्त होणार होते. चेअरमन आबा भर बैठकीत बोलले, "जो जीडीसी काढंल त्याची खुर्ची. मग तो कुणीबी असू द्या." जीडीसी म्हणजे सहकार आणि हिशेबाची सरकारी परीक्षा, उन्हाळ्यात होते. सहा पेपर, सगळे हातानं लिहायचे. आमच्याकडून दोघं बसलो. एक मी आणि दुसरा आबांचा पुतण्या, दिवसभर फटफटीवर गावातून फेऱ्या मारणारा. त्याची मला काडीची भीती वाटली नाही.

मी ठरवलं, नोट्स टाइप करायच्या. काकांची जुनी पुस्तकं मागून घेतली आणि ऑफिसचं काम संपलं की बसले बडवत. काय त्या नोट्स! ठळक मथळे, सरळ समास, कलमाचा आकडा वेगळ्या रंगात. गेवराईहून स्पायरल बांधून आणल्या तर लोक हातात घेऊन बघायला लागले. सासूबाईंना अक्षर ओळखू येत नाही, पण त्यांनी पानावरून हात फिरवला आणि पाणवठ्यावर सांगत सुटल्या, "माज्या सुनंनं पुस्तक छापलं." पुतण्या आला, "वहिनी, मला बी एक कॉपी काढा की." दिली काढून. हौसेनं दिली. मनात म्हटलं, घे बाबा, गाढवाला गुळाची चव काय.

काकांनी ते पुस्तक चाळलं, चष्मा कपाळावर सारला आणि सहज विचारलं, "छान झालंय. आता सांग, सभासदाला काढून टाकायचं तर आधी काय करावं लागतं?"

मी ते त्याच सकाळी टाइप केलं होतं. तोंड उघडलं आणि आत काही नव्हतं. मग एक विचित्र गोष्ट झाली. माझी बोटं टेबलावर आपोआप चालायला लागली आणि बोटांनी एक शब्द आणला, "सभासदास". पुन्हा चालवली, "सभासदास आपले म्हणणे". मग बोटं अडखळली आणि सवयीनं थेट "सर्वानुमते मंजूर" वर जाऊन थांबली.

काका हसले नाहीत. म्हणाले, "पोरी, हे तुझ्या हातून गेलंय, तुझ्यातून न्हाई गेलं. लिहून काढ." मला इतका राग आला! एवढं राबून शेवटी पुन्हा पाटी कोरी? घरी येऊन चुलीपुढं बसले आणि रडले. परीक्षा तोंडावर आली होती.

त्यातच आबांनी चारा छावणी सुरू केली, संस्थेच्याच नावावर. गावाबाहेरच्या माळावर मांडव, खाली सगळ्या गावाची गुरं. मला कॉम्प्युटरवरून उठवून तिथं गुरांच्या हजेरीला बसवलं. आमचे मालकही बैलजोडी घेऊन तिथंच मुक्कामाला. सकाळी ट्रक यायचा आणि त्यात काय असायचं, तर ऊस! चाऱ्याला ऊसच वाटायचे. ज्याच्यापासून पळत होते ते समोर ढीग लावून पडलेलं आणि कुट्टीचं मशीन दिवसभर माझ्या कानाशी त्याचे तुकडे करतंय. वर ऊन, चारी बाजूंनी शेण, उठून जायचं म्हटलं तर जायचं कुठं? मला वाटायचं, या दावणीला एक मीच जास्तीची बांधलीय.

हजेरी झाली की दुपारी काही काम नसायचं. शेवटी घेतला पेन. पहिलं पान लिहिलं आणि माझंच अक्षर मला ओळखू येईना, कोंबडीनं उकरल्यासारखं. अंगठा दुखायचा. पण हात सावकाश चालतो ना, त्याला वाक्य संपेपर्यंत थांबावं लागतं. तेवढ्यात डोकं घरून निघून तिथं यायला लागलं. मी कलमांशी भांडायला लागले. 'असं कावून?' म्हणून समासात लिहायला लागले. सभासदाचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय त्याला काढता येत नाही, हे लिहिताना मी मोठ्यानं म्हणाले, "वा रे वा! आणि घरच्या सुनेचं?" मालक बैलाला पाणी दाखवत होते. वळून म्हणाले, "कुणाशी बोलायलीस गं?" म्हटलं, "कायद्याशी." ते म्हणाले, "बोल बोल. तो तरी उत्तर देतो का बग."

असे पाच पेपर लिहून काढले. अक्षर सुधारलं, काका म्हणाले मोत्यासारखं झालं. सहावा पेपर ऑडिटचा, तो तेवढा टाइप केलेलाच राहिला. वेळच उरला नाही.

परीक्षेत पाच पेपर मी असे लिहिले की पुरवण्या मागून घेतल्या. ऑडिटच्या दिवशी प्रश्न ओळखीचा होता. त्याचं पान, त्याचा मथळा, मथळ्याचा रंगसुद्धा डोळ्यांपुढं आला. फक्त मजकूर येईना. मी बाकावर बोटं चालवायला लागले, टकटक, टकटक. एक ओळ यायची, दुसरी अडकायची. पर्यवेक्षक येऊन उभे राहिले. "अहो बाई, तबल्याची परीक्षा आहे का ही? बंद करा, बाकीच्यांना त्रास होतोय." वर्ग हसला. मांडीवर वाजवावं तर चिठ्ठी लपवली म्हणतील. मी हात बाकावर उपडे ठेवून बसले. लिहिलं थोडंफार, पण ते माझं मलाच पटत नव्हतं.

निकाल दिवाळीच्या तोंडावर लागला. मी पाच पेपरांत पास, ऑडिटमध्ये नापास. पुतण्या सगळ्यांत पास. पेढे घेऊन पहिला माझ्याकडंच आला, आणि त्याच्या मनात खोट नव्हती हे अजून वाईट. म्हणाला, "वहिनी, तुमच्या नोट्स लई भारी होत्या. मी त्या दोनदा हातानं लिहून काढल्या." मी पेढा तोंडात टाकला.

संध्याकाळी सासूबाईंनी ट्रंकेतून स्वतःचा जुना फुल शर्ट काढला, तोडीला जाताना बायका साडीवर घालतात तो, आणि धुवून दोरीवर वाळत घातला.

टोळी निघायच्या आदल्या दिवशी संस्थेची सभा होती. मला वाटलं नकला टाइप करायला बोलावलंय. पण सभेचा मूळ ठराव बुकात हातानंच लिहावा लागतो. इतकी वर्षं काका लिहायचे. त्या दिवशी त्यांचा निरोप होता, हाराखाली बसलेले. आबा म्हणाले, "सूनबाई, तुजं अक्षर लई चांगलं झालंय म्हणतेत. तूच लिही." काकांनी मान खाली घातली. पुतण्यानं आपला नवा पेन पुढं केला.

मी लिहिलं. संस्थेच्या सचिवपदी चिरंजीव अमुक यांची, जीडीसी परीक्षा उत्तीर्ण झाल्याने, आजपासून कायमस्वरूपी नेमणूक करण्यात येत आहे. कायमस्वरूपी लिहिताना हात थांबला. आबा म्हणाले, "झालं का?" म्हटलं, "व्हायलंय." मग सर्वानुमते मंजूर लिहिलं आणि खाली रेघ ओढली.

दुसऱ्या दिवशी तो शर्ट घालून मी ट्रकमध्ये मालकांशेजारी बसले. टाइप केला असता, तर तो ठराव संस्थेच्या पायऱ्या उतरेपर्यंत विसरून गेले असते. हातानं लिहिला होता. फडात मोळी बांधताना तो शब्दन् शब्द आठवायचा, आणि आजही मला स्वल्पविरामासकट पाठ आहे.