तीन लाख किलोमीटर आणि आमचं भजनी मंडळ

गाडी नवी असली की लोक तिची किंमत सांगतात. जुनी झाली की किस्से सांगतात. आमच्या नलूताईंची गाडी आम्ही तिच्यात बसायला लागलो तेव्हाच इतकी जुनी होती, की किस्से साठवायला वेगळे कष्ट पडलेच नाहीत. परवा एका घरी भजन संपल्यावर चहा पिताना यजमानीणबाई म्हणाल्या, "अभंगांबद्दल काही सांगा ना." आम्ही अर्धा तास गाडीबद्दल बोललो.

मंडळ म्हणजे आम्ही चौघी, सगळ्या वारज्याच्या. नलूताई मूळच्या गावातल्या. टाळ वाजवतात आणि गाडी चालवतात. कुसुमवहिनी मुख्य गाणाऱ्या. त्यांचं निम्मं आयुष्य सदाशिव पेठेत गेलं आणि वारज्याला येताना सामानाबरोबर तिथली जीभही त्यांनी आणली. रजनी पखवाजावर, आमच्यात तीच काय ती पन्नाशीच्या आतली. मी पेटी वाजवते.

नलूताई साठीला आल्यावर गाडी शिकल्या, कारण रिक्षात पेटी, पखवाज आणि चार बायका एकदम मावत नाहीत. शिकल्या आणि लगेच गाडी घेतली. पांढरी, डिझेलची, औषधं विकत गावोगाव हिंडणाऱ्या एका एमआरची. आकडा दोन लाख ऐंशी हजार किलोमीटर. तो म्हणाला, "काकू, एवढे झालेत, पण सगळे हायवेचे."

नलूताईंचे यजमान, ज्यांना सगळं वारजं भाऊ म्हणतं, गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "येवढी फिरलेली गाडी कोण घेतं का?"

नलूताई म्हणाल्या, "घरात बसलेला नवरा केलाच की. आता गाडी तरी फिरलेली असू द्या."

* * *

पहिल्याच आठवड्यात गाडी आमच्या कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला दाखवली. हा माणूस कमी बोलतो. त्याने बॉनेट उघडलं, कान लावला, खाली वाकून पाहिलं, हात पुसले.

"इंजिन ठणठणीत आहे," तो म्हणाला. "बाकीचं बदलू."

"बाकीचं म्हणजे काय काय?" नलूताईंनी विचारलं.

"इंजिन सोडून जे दिसतंय ते."

* * *

गाडीचं मागचं डावं दार आतून उघडत नाही. बाहेरून कुणी उघडलं तरच उघडतं. त्या जागेवर कुसुमवहिनी बसतात. उजव्या दाराशी मी आणि आमच्या मध्ये पेटी असते, आणि ती उचलली तरी सरकत जाऊन उतरणं वहिनींच्या तत्त्वात बसत नाही. "मी काय रिक्षातली तिसरी आहे का?" असं त्यांचं म्हणणं.

त्यामुळे कुठेही गेलो की आम्ही तिघी उतरायचो आणि वहिनी आत ताठ बसून राहायच्या, कुणीतरी येऊन दार उघडेपर्यंत. लोकांना वाटलं ही मंडळाची पद्धत आहे. कोथरूडच्या एका देवळात तर विश्वस्त स्वतः दार उघडायला फाटकाशी उभे राहायला लागले. पुढे तिथे दुसऱ्या मंडळाच्या बाई आल्या, त्यांच्या नव्याकोऱ्या गाडीला चारही दारं होती आणि चारही उघडत होती. तरी त्या आत बसून राहिल्या म्हणे, मान मिळेपर्यंत.

एकदा मात्र आम्ही वहिनींना विसरलो. सामान उतरवण्याच्या घाईत सगळ्या आत गेलो, बैठक मांडली, मी सूर धरला, रजनीने थाप दिली, आणि उचलायला आवाजच नाही. धावत बाहेर गेलो तर गाडीभोवती दहाबारा माणसं उभी. वहिनी अर्ध्या उघड्या काचेतून गात होत्या. आम्हाला पाहून त्यांनी अभंग पूर्ण केला, मग म्हणाल्या, "माझा कार्यक्रम झाला. तुमचा चालू द्या."

* * *

एकदा संध्याकाळी लक्ष्मी रोडच्या अलीकडच्या एका चौकात हवालदाराने शिट्टी वाजवून आम्हाला थांबवलं. गाडीचा धूर त्याला आवडला नसावा. नलूताईंनी लायसन्स, पीयूसी, इन्शुरन्स, सगळं प्लास्टिकच्या पिशवीतून काढून दिलं. कागद चोख होते. कागद चोख असले की हवालदार जरा नाराज होतात.

"आधी गाडी बंद करा," तो म्हणाला.

"करते की," नलूताई म्हणाल्या. "पण गरम असताना बंद केली की अर्धा तास सुरू होत नाय ती. हितंच राहील."

हवालदाराने मागे पाहिलं. मागे दोन बस, एक टेम्पो आणि त्यांच्या फटींतून स्कूटरींची रांग थेट वरच्या चौकापर्यंत. सगळे हॉर्न वाजवत होते.

वहिनी मागून शांतपणे म्हणाल्या, "चावी तुमच्याकडेच ठेवता का?"

त्याने कागद परत दिले. "निघा आजी," तो म्हणाला. "बंद करू नका. घरी जाऊनच बंद करा."

* * *

एक सकाळ मात्र अशी आली, की तेव्हा कुणालाच विनोद सुचला नाही. निदान त्या वेळी तरी नाही.

सातच्या सुमाराला भाऊ अंगणात दात घासत होते, ते छातीवर हात धरून खालीच बसले. घरात मुलाची नवी गाडी होती, चावी खिशात ठेवून बटण दाबलं की सुरू होणारी. मुलाने बटण दाबलं. गाडीच्या पडद्यावर काहीतरी सूचना आली. परत दाबलं, परत सूचना आली. तो पोरगा, चाळिशीचा माणूस, घामाघूम होऊन ती सूचना वाचत बसला. ॲम्ब्युलन्सला फोन केला तर वीस मिनिटं लागतील म्हणाले.

तोवर नलूताईंनी आपली गाडी काढली होती. एका चावीत सुरू झाली. हे मला त्यांनी नंतर दहा वेळा सांगितलं, आणि दहाही वेळा "एका चावीत" म्हणताना बोट वर केलं. मुलाने भाऊंना मागे आडवं धरलं. नलूताईंनी ठरवलं की मागे बघायचंच नाही. रस्ता बघायचा आणि समोरचा किलोमीटरचा आकडा बघायचा. हॉस्पिटल येईपर्यंत तेवढंच केलं.

दारात स्ट्रेचर आलं. खिडकीवरच्या मुलीने फॉर्म भरायला घेतला. "पेशंटचं वय?"

"दोन लाख ब्याण्णव हजार," नलूताई म्हणाल्या.

मुलीने पेन थांबवून वर पाहिलं. तेव्हा कुठे नलूताई रडल्या. मुलाने सांगितलं, एकोणसत्तर.

भाऊंना स्टेंट बसवली. चार दिवसांनी घरी आले. मुलगा म्हणाला, "आई, आता ती जुनी गाडी विकून टाक, मी तुला नवी घेऊन देतो."

भाऊ पलंगावरून म्हणाले, "तुझी वीक."

* * *

आकडा दोन लाख नव्व्याण्णव हजारांच्या पुढे गेला तसा आम्ही ठराव केला. तीन लाख होतील तेव्हा चौघी गाडीत हव्यात. तिथेच गाडी बाजूला घ्यायची, नारळ फोडायचा, एक गजर म्हणायचा. रजनीने नारळ आणून डिकीत ठेवलासुद्धा. प्रत्येक फेरीला आम्ही डोकी पुढे काढून आकडा वाचायचो.

शेवटी सतरा किलोमीटर उरले. गुरुवारी कार्यक्रम होता, जाऊन येऊन बरोबर जमणार होतं.

बुधवारी दुपारी भाऊ मागच्या ओसरीवर बसले होते. समोर घरामागची मोकळी जागा. तिथे नलूताई गाडी उलटी चालवत होत्या. एक फेरी झाली, दुसरी झाली, मान मागे वळवून तिसरी. भाऊंनी बराच वेळ पाहिलं आणि मग हाक मारली.

"काय चाललंय?"

नलूताईंनी काच खाली केली. बहिणीकडे शिवण्याला जाऊन आल्या होत्या, येताना वाटेत भाजी घेतली, मग तिथून अजून कुठे कुठे, आणि घराच्या वळणावर तीन लाख झाले होते. एकट्या होत्या. कुसुमवहिनींना काय सांगायचं या विचाराने त्यांची पाचावर धारण बसली होती.

"मागं नेते जरा," त्या म्हणाल्या.

"मग? आला का आकडा मागं?"

नलूताईंनी वाकून पाहिलं. "तीन लाख एक झाले."

* * *

आणि मग येरवड्याचा कार्यक्रम. तिथे चांगल्या वागणुकीच्या कैद्यांना ठेवतात तो खुला तुरुंग आहे, शेतीचं काम करतात ते. त्यांच्यासाठी आमचं भजन ठेवलं होतं. वाद्यं जड, म्हणून गाडी तपासून आतल्या पटांगणापर्यंत सोडली. फाटकावरच्या शिपायाने वहीत लिहिलं, चार महिला, एक गाडी, सहाच्या आत बाहेर.

मी खोटं कशाला सांगू, जायला मी नाखूश होते. पण इतकं मन लावून ऐकणारी माणसं आम्हाला पुण्यात कुठे मिळाली नव्हती. पुढच्या रांगेतला एक पिकल्या मिशीचा माणूस सगळा वेळ डोळे मिटून टाळ्यांचा ठेका धरून होता. कुसुमवहिनींनी यादीत नसलेले दोन अभंग आपणहून म्हटले. असं त्या कधी करत नाहीत.

साडेपाचला सामान भरलं, वहिनींना दार उघडून बसवलं, नलूताईंनी चावी फिरवली. टक् असा आवाज आला आणि पुढे काही नाही. पुन्हा फिरवली, पुन्हा टक्.

पावणेसहा झाले. कैद्यांच्या संध्याकाळच्या मोजणीची वेळ होत आली होती आणि अधिकारी घड्याळ बघायला लागले. "ताई, गाडी आत ठेवता येणार नाही," ते म्हणाले. "वहीत नोंद आहे. आत आलेलं सगळं बाहेर गेलं पाहिजे."

"सगळं?" वहिनींनी मागे उभ्या कैद्यांकडे पाहत विचारलं.

शेवटी अधिकाऱ्यांनीच आठ जणांना पुढे बोलावलं. पिकल्या मिशीचा माणूस त्यांत होता. आधी ट्रक चालवायचा म्हणे. तो नलूताईंच्या खिडकीशी आला. "मावशी, सेकंडला टाका. क्लच दाबून ठेवा. मी सोडा म्हटल्यावर सोडा. घाबरू नका."

आठ जणांनी हात लावले. गाडी हलली, मग पळायला लागली. फाटक उघडलेलं होतं आणि त्याच्या अलीकडे जमिनीवर एक पांढरा पट्टा होता. कुणी काही सांगितलं नव्हतं, पण पट्ट्याशी येताच आठही जण एकदम थांबले. हात सुटले. गाडी आपल्या वेगाने पुढे गेली.

"सोडा, मावशी!"

नलूताईंनी क्लच सोडला. गाडीने एक आचका दिला, काळा धूर ओकला आणि सुरू झाली. आम्ही फाटकातून बाहेर पडलो. माझी काच उघडी होती. मागे, पट्ट्याच्या आतून, कुणीतरी अगदी साध्या आवाजात म्हणालं,

"चला, आज एक तरी सुटली."