उधारीवाल्याचं पान पहिलं

भोरच्या साऱ्या बाजारपेठेत डोळे मिटून धंदा करणारा माणूस एकच, आमचे चुलतसासरे. संस्थानी अमलातले दिवस ते. त्यांची खाणावळ होती. चुलीशेजारी पाटावर बसून ते नीरा नदीवरच्या धुक्याकडं असे बघत राहायचे, की गिऱ्हाईक जेवून, हात धुऊन, दात कोरून निघून गेलं तरी त्यांना ते स्वप्नातच येऊन गेल्यासारखं वाटे. पैसे कुणाकडं मागायचे नाहीत. उलट ज्याची उधारी जुनी, त्याला पहिलं पान आणि कालवणावरचा लाल तवंग. मी कारण विचारलं तर म्हणाले, "रोखीवाला उद्या कुठंबी जेवंल. ह्याला आपलंच येक दार हाय." आणि उधारी थकलेला माणूस लाजून रस्ता बदलायला लागला, की हे त्याच्याचकडं काहीतरी मागायचे. कधी चिमूटभर तंबाखू, कधी वाटीभर ताक. देणाऱ्याची मान ताठ व्हायची आणि तो पुन्हा पानावर येऊन बसायचा.

मी मात्र मराठी चौथी पास. घरात वाचता येणारी बाई मी एकटी, त्यामुळं ब्रह्मदेवाच्या खालोखाल अक्कल मलाच, अशी माझी खात्री. एका बाजारच्या दिवशी सासरे नदीवर गेलेले पाहून मी खाणावळीच्या भिंतीवर खडूनं थकबाकीदारांची यादी काढली. ठळक, वळणदार, खाली रेघसुद्धा ओढली. पहिलं नाव हिर्डोशी गावच्या एका म्हाताऱ्या आबांचं. ते तिथंच जेवत होते. त्यांना वाचता येत नव्हतं, पण शेजारच्यानं मोठ्यानं वाचून दाखवलं. हातातला घास आबांनी खाली ठेवला. "बरं क्येलं, बाई," एवढंच म्हणून ते भरल्या पानावरून उठले.

पुढचे तीन बाजार आबा आले नाहीत. सासरे मला रागावले नाहीत; भिंत त्यांनी स्वतः पुसली. आणि एका सकाळी म्हणाले, "चला सूनबाई, आबांकडं जेवाया जायचंय."

अर्धी वाट बैलगाडीनं, अर्धी पायी. वर ढग इतके खाली उतरलेले, की सासरे दोन पावलं पुढं गेले तरी दिसेनासे व्हायचे. आबा अंगणातच होते. आम्हाला बघून त्यांचा चेहरा पडला. "पैसं न्हाईत, पाव्हणं. भात अजून शेतात उभा हाय."

"पैसं कोन मागतंय? लई भूक लागलीया. काय असंल त्ये वाढा."

नाचणीची भाकरी आणि ठेचा. सासरे चार भाकरी जेवले. मी लाजत दीड खाल्ली, मग न लाजता आणखी एक. हात धुऊन सासरे म्हणाले, "आता पैसं आमच्याकडंबी न्हाईत. आमच्या नावावर मांडा."

आबा खांबाला टेकले. तेवढ्यात त्यांची बायको आतून ओरडली, "मांडू की! पर ल्हियाचं काम त्या सूनबाईला देऊ नगा!" आणि आबा इतके हसले, की त्यांना खाली बसावं लागलं.

पुढच्या बाजारी ते आले. पान मीच वाढलं, कालवणही माझ्याच हातचं. आबांनी घास तोंडात घातला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सूनबाई, कालवण अळणी हाय." सासऱ्यांनी समाधानानं डोळे मिटले.

आता सासरे नाहीत, आबा नाहीत. मी म्हातारी झाले म्हणून माझ्या रांधण्याला कुणी नावं ठेवत नाही. तेवढं मात्र वाईट वाटतं.