डाव्या हाताचा ठेका

मुलीच्या रक्ताच्या तपासण्या आणि मेंदूचा एमआरआय नॉर्मल आला, त्या दुपारी मला वाईट वाटलं. हे वाक्य मी बरेच महिने टाळलं. पण सगळ्यात महत्त्वाचा तपशील आधी द्यायचा, ही वर्तमानपत्राच्या डेस्कवरची सवय पाळायची तर सुरुवात इथूनच करावी लागते.

मुलगी तेव्हा अकरावीत होती आणि ढोल-ताशा पथकात ढोल वाजवायची. तिचं पथकातलं दुसरं वर्ष. गणपतीच्या आधी नदीकाठी पत्र्याच्या शेडमध्ये रोज संध्याकाळी सराव चालायचा. एका संध्याकाळी ताशाच्या रांगेतली एक मुलगी कोसळली. शुद्धीवर आली, पण तिचा उजवा हात आणि मान झटके देत राहिली. ती माझ्या मुलीच्या वर्गातली. तिला रिक्षात बसवेपर्यंत कुणीतरी मोबाइलवर चित्रण केलं होतं आणि ते पथकाच्या ग्रुपवर पडलंही होतं. त्यानंतरच्या काही दिवसांत एकीचे पाय चालताना दुमडायला लागले, एका मुलाचं बोलणं अडखळायला लागलं, आणखी दोघींना मानेचे झटके सुरू झाले.

आमच्याकडे ते एका सकाळी पोह्यांच्या बशीवर आलं. मुलीच्या उजव्या हातातला चमचा बशीवर वाजायला लागला. आधी वाटलं, मुद्दाम वाजवते आहे. बायको म्हणाली, "पुरे आता." मुलीने चमचा खाली ठेवला. हात तसाच थरथरत राहिला. मग तिने तो मांडीखाली दाबला.

"थांबत नाहीये," ती म्हणाली.

आधी चित्रण, मग लक्षणं, हा क्रम मला त्याच आठवड्यात दिसला होता. वार्ताहराच्या कॉपीतला घटनाक्रम नीट लावणं हे माझं नोकरीतलं काम. हा क्रम मी कुणालाच सांगितला नाही. पालकांच्या ग्रुपवर तेव्हा वेगवेगळी कारणं फिरत होती. जनरेटरचा धूर. सरावानंतरच्या वडापावचं तेल. ढोल कमरेला बांधायच्या दोरीने दबलेली शीर. नदीचं पाणी. त्यांतल्या प्रत्येक कारणात मुलांकडे काही दोष येत नव्हता, आणि आई-वडिलांकडेही नाही.

पथकाने सराव थांबवला. खालच्या मजल्यावरचे निवृत्त आजोबा जिन्यात भेटले. "सराव बंद आहे म्हणे," ते म्हणाले. "नदीकाठच्या लोकांच्या प्रकृतीला उतार पडला असेल." मग माझ्यासोबतच्या मुलीच्या हाताकडे त्यांचं लक्ष गेलं आणि ते बाजूला सरकून आम्हाला वाट देऊन उभे राहिले.

पहिल्यांदा कोसळलेल्या मुलीची आई अमरावतीकडची. एका आयटी कंपनीत नोकरी, नवरा परदेशी, घरात ती आणि मुलगी. पालकांमध्ये सगळ्यात जास्त धावपळ तिनेच केली. शहरातल्या एका ज्येष्ठ डॉक्टरांची वेळ तिने मिळवली. त्यांना तिच्या मुलीच्या रक्तात एका चाचणीचा आकडा थोडा वाढलेला सापडला. घशाच्या संसर्गानंतर शरीराची प्रतिकारशक्ती कधी कधी मेंदूवरच उलटते, त्यातला हा प्रकार आहे, असं त्यांनी सांगितलं आणि स्टेरॉइड सुरू केलं. ग्रुपवर तिने लिहिलं, "शेवटी कारण मिळालं." खाली सगळ्यांनी हात जोडल्याची चित्रं टाकली. मीही टाकलं.

आमची वेळ दुसऱ्या रुग्णालयात आधीच ठरली होती, म्हणून आम्ही तिकडे गेलो. न्यूरॉलॉजिस्ट बाई साधारण चाळिशीच्या. त्यांनी आधीच्या रक्ततपासणीचे रिपोर्ट पाहिले, बाजूला ठेवले आणि मुलीशीच बोलायला लागल्या. काय वाजवतेस, किती वजनाचा ढोल, टिपरूची काठी कुठल्या हातात. मुलगी म्हणाली, टिपरू उजव्या हातात, थापी डाव्या हाताने.

"मग डाव्या हाताने टेबलावर एक सोपा ठेका धर," बाई म्हणाल्या. "उजव्याकडे बघू नको."

मुलीने ठेका धरला. आम्ही दोघं उजव्या हाताकडे बघत होतो. थरथर आधी अडखळली. मग तिने डाव्या हाताची लय घेतली. बाईंनी ठेका बदलायला सांगितला, थोडा अवघड, मध्ये एक मात्रा मोकळी. मुलीचा चेहरा सरावात असतो तसा झाला, ओठ किंचित मुडपलेले. उजवा हात टेबलावर स्वस्थ पडून होता. ठेका थांबला तशी थरथर परत सुरू झाली.

"पाहिलंस?" बाईंनी मुलीला विचारलं.

"थांबला होता."

"थांबला होता. म्हणजे हाताची, शिरांची, मेंदूची रचना शाबूत आहे. तिच्या कामात गडबड झालीये. ती दुरुस्त होते."

"म्हणजे पान फाटलेलं नाही," मुलगी म्हणाली. ढोलाच्या कातड्याला पान म्हणतात. "ताण उतरलाय."

बाई हसल्या. "असं म्हण हवं तर."

मी विचारलं, "म्हणजे हे खरं नाही?"

प्रश्न तोंडातून गेला तेव्हा मुलगी माझ्या शेजारीच बसली होती.

"खरंच आहे," बाई म्हणाल्या. "ती करत नाहीये. तिला होतंय. फंक्शनल डिसऑर्डर म्हणतात याला. फिजिओथेरपी आजपासून सुरू करा. लवकर सुरू केली तर लवकर सुटतं. आणि आजाराचं नाव घरात, बाहेर, सरळ घ्या. लपवलं की मूलही हात लपवायला लागतं."

मी ज्येष्ठ डॉक्टरांचं निदान सांगितलं. त्या म्हणाल्या, "तेवढा आकडा घसा दुखून गेलेल्या कुठल्याही मुलात वाढलेला दिसू शकतो. पण बाकीच्या मुलांना मी तपासलेलं नाही. त्यांच्याबद्दल मी बोलणार नाही." मग हे कशामुळे झालं, असं मी पुन्हा विचारलं. "का, हे शेवटी कळलं तरी चालेल," त्या म्हणाल्या. "कधी कधी कळतही नाही."

गाडीत मुलगी मागच्या सीटवर डाव्या हाताने गुडघ्यावर ठेका धरत होती आणि उजवा हात पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर कुतूहल होतं. माझ्या मनात चालू होतं ते वेगळंच होतं. लोकांना काय सांगायचं. मेंदूला सूज, हे सांगता येतं. ऐकणारा हळहळतो, कुठल्या रुग्णालयात आहे विचारतो, डबा पाठवतो. हे सांगितलं तर ऐकणारा मान हलवेल आणि त्याच्या घरी गेल्यावर म्हणेल, नाटकं. मी स्वतः असंच म्हटलं असतं. दुसऱ्याच्या मुलीबद्दल म्हटलंही असतं.

मी फिजिओथेरपी सुरू केली नाही. आणखी एक मत घेऊ, म्हणालो. बायको म्हणाली, "अरे, आपल्या डोळ्यांसमोर हात थांबला."

"खात्री करून घेऊ."

"कशाची? आजारी आहे याची, की मोठा आजार आहे याची?"

मी रक्ताच्या आणखी तपासण्या करून घेतल्या, एमआरआय करून घेतला. सगळं नॉर्मल आलं, आणि सुरुवातीला लिहिलं तसं मला वाईट वाटलं. मुलीने रिपोर्टचा लिफाफा माझ्या हातात पाहिला आणि विचारलं, "काय आलं?" मी "काही नाही" म्हणालो. माझा आवाज कसा होता ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

त्याच सुमाराला पालकांनी महापालिकेच्या आरोग्य खात्याला निवेदन द्यायचं ठरवलं. शेडमधलं पाणी तपासा, हवा तपासा, मुलांच्या उपचारांची जबाबदारी घ्या. मसुदा लिहायचं काम साहजिकच माझ्याकडे आलं. मी तो चांगला लिहिला. "काही मुलांमध्ये मज्जासंस्थेच्या दाहाचं निदान झालं असून उर्वरित मुलांच्या तपासण्या सुरू आहेत." वरवर पाहता यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. एका मुलीचं निदान पूर्ण होऊन वेगळंच निघालं आहे, हे त्यात कुठेच नव्हतं. आजवर कितीतरी वार्ताहरांना मी अशाच वाक्यांवरून टोकलं होतं.

माझी कॉपी घरात सगळ्यात आधी मुलगी वाचते. तिने मसुदा वाचला.

"बाबा, यातली मी कुठली? 'काही' मधली की 'उर्वरित' मधली?"

"उर्वरित."

"पण माझ्या संपल्या ना तपासण्या."

मी म्हणालो, निवेदनात सगळं लिहीत नाहीत. तिने कागद परत दिला. तो धरलेला हात थरथरत होता, म्हणून दुसऱ्या हाताने तिने मनगट पकडलं होतं.

बैठक एका सोसायटीच्या हॉलमध्ये झाली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, चहा, मुलं एका बाजूला, पालक एका बाजूला. पहिल्यांदा कोसळलेल्या मुलीला मी बऱ्याच दिवसांनी पाहत होतो. औषधांनी तिचा चेहरा सुजून गोल झाला होता. झटके कमी झाले नव्हते. तिची आई उपचारांबद्दल सांगत होती, डोस वाढवायचा आहे म्हणाली. मी मान हलवली. रोज फोन करून तिच्या मुलीची चौकशी करणाऱ्यांत मी होतो.

निवेदन वाचून झालं. लोक सही करायला उठत होते, तेव्हा माझी मुलगी मधल्या टेबलाशी गेली. "मला एक दाखवायचंय," ती म्हणाली. तिने डाव्या हाताने ठेका धरला. पथकाचाच ठेका, मुलांनी लगेच ओळखला. उजवा हात सगळ्यांसमोर शांत झाला. ठेका थांबवला, थरथर सुरू. पुन्हा ठेका, पुन्हा शांत.

"डॉक्टर म्हणाल्या, माझा मेंदू ठीक आहे," ती म्हणाली. "मी मुद्दाम करत नाहीये. पण हे सुटतं म्हणाल्या. तुम्ही पण एकदा करून बघा ना."

हॉलमध्ये कुणी तरी हसलं. पहिल्या मुलीच्या आईने हातातला कप खाली ठेवला. चिडली की तिच्या बोलण्यात वऱ्हाडी उतरायची.

"म्हणजे माह्या पोरीचं नाटक आहे म्हणतं तू?"

"नाही काकू. माझंही नाटक नाहीये."

मग ती माझ्याकडे वळली. "भाऊ, काय म्हणते ही? खरं आहे काय हे?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. मुलगीही. माझा आधार मागावा लागेल असं तिच्या मनातच नव्हतं, तो असणारच असं तिने धरलं होतं.

"आमच्या अजून तपासण्या सुरू आहेत," मी म्हणालो.

मुलगी खुर्चीवर जाऊन बसली आणि उजवा हात मांडीखाली घातला. लोकांनी सह्या केल्या. एक गृहस्थ मला दिलासा द्यायला म्हणाले, "या वयात मुलांना असं काही तरी सुचतंच."

दुसऱ्या दिवशी बायकोने ऑफिसातून अर्धी सुट्टी घेतली आणि मुलीला फिजिओथेरपीला नेलं. मला विचारलं नाही. मला आठवतं, मी दारात उभा होतो आणि मुलगी उजव्या हाताने सॅंडलचा पट्टा लावायचा प्रयत्न करत होती. मी वाकलो तशी म्हणाली, "राहू दे, मी लावते." तिला वेळ लागला.

आरोग्य खात्याची माणसं येऊन पाण्याचे नमुने घेऊन गेली. त्यात दोष निघाला नाही. पथकाने त्या वर्षी मिरवणुकीत वाजवलं नाही. दिवाळीपर्यंत मुलीचा हात बराच सुधारला. लिहिताना कधी कधी थरथरायचा, मग ती डाव्या हाताने बाकावर दोनचार वेळा टिचकी मारायची आणि पुढे लिहायची. माझ्याशी ती नीट बोलत होती. फक्त तब्येतीचं काही असलं की आईला सांगायची.

ज्येष्ठ डॉक्टर आपल्या निदानावर ठाम होते. त्यांच्याकडे जाणाऱ्यांपैकी एका मुलाला बरंही वाटलं. औषधाने वाटलं की सुट्टीने, ते मला ठरवता येत नाही. पहिल्या मुलीचं काय होतं, तेही मला माहीत नाही. ते न्यूरॉलॉजिस्ट बाईंनाही माहीत नव्हतं, त्यांनी तिला तपासलंच नव्हतं.

भोगीच्या आदल्या दिवशी मी मंडईत पावटे आणि बोरं घ्यायला गेलो होतो. गाजरांच्या ढिगापलीकडे त्या पहिल्या मुलीची आई उभी होती. आमची नजरानजर झाली. मी टाळून जाऊ शकलो नाही.

"तुमची बरी आहे म्हणते," ती म्हणाली.

"हो. बरीच."

"आमचीनं वर्ष सोडलं कॉलेजचं. औषध हळूहळू कमी करून राहिले. झटके आहेतच." तिने एक गाजर उचललं, मोडून पाहिलं, परत ठेवलं. "त्या दिवशी तुमच्या पोरीनं सांगितलं ते खरं होतं ना?"

"हो."

"तुम्हाले तेव्हाच माहीत होतं."

"हो."

भाजीवाला पावट्यांची पिशवी माझ्यापुढे धरून उभा होता. तिने माझ्या हातातून बोरांची पिशवी घेतली, म्हणजे मला पावट्यांची धरता येईल.

"पोरीचं कोण ऐकते, भाऊ," ती म्हणाली. "तुम्ही बोलले असते तर मी ऐकलं असतं. भांडली असती, पण ऐकलं असतं. रोज फोन करत होते तुम्ही."

तिने बोरं परत दिली आणि पर्समधून मोबाइल काढला.

"त्या डॉक्टरबाईचा नंबर पाठवा," ती म्हणाली. "तपासू द्या त्यांना एकदा. काय निघते ते निघू दे."

नंबर माझ्या फोनमध्ये पावसाळ्यापासून होता. मी तिथेच उभा राहून तो पाठवला. तिच्या मोबाइलवर तो पोचल्याचा आवाज झाला. तिने पाहिलं, मान हलवली आणि गाजरांचा भाव विचारायला वळली.