त्याच्या तोंडून माझं नाव

नव्या धानाचा वास आला की मले माझा चुलतभाऊ आठवते. त्यानं माझ्या धानाच्या बांधीचा धुरा, म्हणजे मधला बांध, कोरून आपल्या शेतात घेतला, अन् वरून माझंच नाव घेणं सोडलं. एका वर्षी धानविक्रीच्या नोंदणीची साइट बिघडली. आधीच्या माणसाचं नाव तिच्यात तसंच राहून मागच्याच्या अर्जावर चढे. रांगेत तो नेमका माझ्या मागं होता. त्याच्या शेतावर माझं नाव आलं. कॉम्प्युटरवाला म्हणाला, "ज्याचं नाव आहे त्याच्या अंगठ्याशिवाय हे निघत नाही. बोलवा त्याले." चुलतभावानं माझ्याकडं नुसतं बोट केलं. माझा अर्ज भरून मी बाजूच्या बाकावर विडी ओढत बसलो होतो; तिथूनच म्हटलं, "बोट कायले दाखवून राहिला? नाव घेऊन बोलाव, बापाच्या नावासकट." साऱ्या रांगेसमोर त्यानं बोलावलं. मी हातातली विडी पूर्ण ओढली, मगच उठलो. तेवढी गोड विडी मले आजवर पुन्हा लागली नाही.